हे वाक्य कुणाचं?

मी व्यावसायिक मराठी नाटकांना प्रॉम्प्टिंग करते. प्रयोगभर विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी टॉर्च. नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचता कामा नये. हे आधी सांगून टाकते, कारण ‘तू ग्रीक कशाला शिकतेस?’ असं विचारणाऱ्यांना मी आजवर बरीच उत्तरं दिली आहेत. आवड म्हणून, संस्कृत झालं होतं म्हणून, लॉकडाउनमध्ये हाताला काम नव्हतं म्हणून. ती खोटी नाहीत. पण सोफोक्लीस हा प्राचीन ग्रीक नाटककार मुळातून वाचायला लागल्यावर जे हाती आलं ते माझ्या धंद्यातलंच निघालं, आणि ते एकदा नीट लिहून काढायचं कधीपासून मनात होतं.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समधल्या नाटकांच्या संहितांत रंगसूचना जवळजवळ नाहीतच. ‘चिडून’, ‘जाता जाता थांबून’, ‘पाठमोरी’ असलं काही नाही. कोण कुठून आलं, कोण कुठे गेलं, तेही लिहिलेलं नाही. पपायरसवरच्या जुन्या प्रतींत तर पात्रांची नावंही बहुतेकदा नसतात. बोलणारा बदलला की ओळीच्या सुरुवातीला खाली एक आडवी रेघ, ओळीच्या मध्येच बदलला तर दोन टिंबं. बस्स. बोलतंय कोण, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. मराठी-इंग्रजी भाषांतरांत कंसात जे दिसतं ते पुढच्या माणसांनी घातलेलं. मग तालमीत नटाने धरायचं काय? माझं म्हणणं, व्याकरण. कोण कोणाकडे वळलं, कोणी कोणाचा हात सोडला, हे वचनांत, क्रियापदांच्या रूपांत आणि दीड अक्षरांच्या अव्ययांत लिहून ठेवलेलं आहे. भाषांतरात पहिली तीच गळतात.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर चालली, परत बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्या मधल्या रिकामपणात मी मुळाक्षरं गिरवली. रुईयात संस्कृत घेऊन बी.ए. केलं होतं, ते असं इतक्या वर्षांनी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पुढे इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं, वर्ग सगळे ऑनलाइन. तिकडे दुपारचा एक म्हणजे मुलुंडला हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, आणि मार्चअखेर त्यांची घड्याळं पुढे सरकली की साडेपाच. शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग असला की दादरहून धावतपळत यायचं आणि कॅमेरा बंद ठेवून पोहे खायचे.

पाठांतर लोकलमध्ये. एकदा लेडीज डब्यात बारावीतली एक मुलगी माझ्या कार्डांकडे बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, ‘‘ताई, फिजिक्स का?’’ थीटा, लॅम्डा, ओमेगा बघून दुसरं काय वाटणार! मी म्हटलं, ‘‘नाही गं, नाटक.’’ तिचा विश्वास बसला नाही.

उच्चारांत मात्र आपण मराठी लोक बसल्या जागी पुढे आहोत. त्या काळच्या अथेन्समध्ये फाय, थीटा आणि खाय ही अक्षरं म्हणजे आपले साधे फ, थ, ख होते. प आणि फ, त आणि थ, क आणि ख, अशा जोड्या. माझ्या वर्गातल्या इंग्रज मंडळींना हा फरक तोंडात बसवायला तळहात ओठांसमोर धरून हवेचा झोत मोजावा लागतो. आपण ज्याला कोरस म्हणतो तो मुळात ‘खोरॉस’, आणि थिएटर म्हणजे ‘थेआत्रॉन’. ‘देतो’ला ‘दिदोमि’, संस्कृतात ददामि. ‘ठेवतो’ला ‘तिथेमि’, संस्कृतात दधामि. या दुसऱ्या जोडीत धातूच्या महाप्राणाची द्विरुक्ती होताना पहिलं अक्षर अल्पप्राण होतं, थ-थ ऐवजी त-थ, ध-ध ऐवजी द-ध. हा नियम ग्रासमान नावाच्या जर्मन गणितज्ञाने १८६३ मध्ये मांडला. वर्गात तो शिकवायला अर्धा तास गेला. मी तेवढ्यात कुकर लावून आले.

छंदाचंही तसंच. शाळेत ‘यमाताराजभानसलगम्’ घोकलेल्या माणसाला ग्रीक नाटकाचा छंद परका वाटत नाही, कारण तोही लघु-गुरूंवर चालतो. संवादांचं वृत्त बारा अक्षरांचं, चार-चारांचे तीन तुकडे. प्रत्येक तुकड्यात पहिलं अक्षर लघु किंवा गुरू काहीही, मग गा ल गा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु). सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या नाटकाची पहिली ओळ अशी आहे: ‘ओ कोय्नॉन औतदेल्फॉन इस्मेनेस करा’. (ग्रीकमध्ये ऱ्हस्व ओ असतो, देवनागरीत नाही, म्हणून मी ऑ लिहिते.) मोजून बघा: गा गा ल गा, ल गा ल गा, गा गा ल गा. ‘कोय्नॉन’मधला शेवटचा न पुढच्या स्वराला जाऊन मिळतो, म्हणून ‘नॉ’ लघु राहतो. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हा नियमही ओळखीचाच. गंमत अपवादाची आहे. अथेन्सच्या नाटकांत त्र, प्र, क्ल अशा जोडाक्षरांआधीचं अक्षर पुष्कळदा लघुच मोजतात. आमच्या शिक्षिका हे जरा दिलगिरीच्या सुरात सांगत होत्या. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच असतो, आघात येत नाही ना. त्यांनी ते लिहून घेतलं.

या वृत्ताबद्दल अॅरिस्टॉटलने म्हटलंय की ते बोलण्याच्या सगळ्यांत जवळचं आहे. माणसं एकमेकांशी बोलता बोलता नकळत त्यात बोलून जातात. म्हणून नटाने ते गायचं नाही, बोलायचं. मी घरी मोठ्याने म्हणायला लागले तर आईने आतून विचारलं, ‘‘काय करा? अर्धंच सांगतेस.’’ ‘करा’ म्हणजे मस्तक. अँटिगनी बहिणीला ‘माझ्या सख्ख्या रक्ताच्या इस्मेनीच्या मस्तका’ अशी हाक मारते आहे.

आता मुद्द्यावर येते. ईडिपस राजाचे दोन मुलगे, एटिओक्लीस आणि पॉलिनाइकीस, थीब्जच्या गादीसाठी लढताना एकमेकांच्या हातून मेले. मामा क्रेऑन राजा झाला, आणि त्याने दवंडी पिटवली की शहरावर चाल करून आलेल्या पॉलिनाइकीसला कोणी मूठमाती द्यायची नाही. दिवस उजाडायच्या आत या भावांची बहीण अँटिगनी धाकट्या बहिणीला, इस्मेनीला, राजवाड्याच्या दाराबाहेर बोलावते. इथे नाटक सुरू होतं.

तिसऱ्या ओळीत ती म्हणते, ‘नोइन एति झोसाइन’. आपण दोघी अजून जिवंत आहोत तोवर देवांचा राजा झ्यूस आपल्यावर आणखी काय काय आणणार आहे, असा प्रश्न. ही रूपं द्विवचनी आहेत. संस्कृतातल्या ‘नौ’चं हे ‘नोइन’ भावंड. शाळेत रामः रामौ रामाः म्हणताना मधलं ते ‘रामौ’ सगळ्यांना जाच वाटायचं. दोन रामांचं करायचं काय? इथे कळतं. पन्नास-साठ ओळी दोघी बहिणी द्विवचनात बोलतात. दोन भाऊ द्विवचनात, एकाच दिवशी एकमेकांच्या हातून मेलेले दोघे द्विवचनात, उरलेल्या आपण दोघी द्विवचनात. या घरात सगळं जोडीने होतं. मग अँटिगनी पॉलिनाइकीसला मूठमाती द्यायला साथ मागते, आणि इस्मेनी म्हणते, मला नाही जमणार, आपण बायका आहोत, राजाशी कसं लढायचं? अँटिगनीचं उत्तर येतं: मी आता तुला आग्रह करणार नाही, आणि तू उद्या स्वतःहून आलीस तरी मला नको आहेस. तिथून पुढे तिच्या तोंडी मी आणि तू. बहिणीला धरून ती पुन्हा द्विवचन वापरत नाही.

मला दिग्दर्शकाने विचारलं असतं की ती इस्मेनीपासून कुठे लांब सरकते, तर मी या ओळीवर पेन्सिलने खूण केली असती.

पण सोफोक्लीस तिथे थांबत नाही. पाचशेव्या ओळीनंतर, भावाला मूठमाती दिल्याबद्दल अँटिगनी पकडली गेली आहे, क्रेऑन इस्मेनीलाही बोलावून घेतो, आणि ती घाबरट मुलगी म्हणते, मीही केलं. अँटिगनी तिला झिडकारते: तू जगणं निवडलंस, मी मरण. त्यावर इस्मेनी म्हणते, ‘तरीही अपराध आपणां दोघींचा सारखाच’, आणि तिथे पुन्हा तेच ‘नोइन’. पहाटे बहिणीने तिच्याकडे टाकलेलं द्विवचन ती आता परत करते आहे. अँटिगनी ते घेत नाही. ‘धीर धर, तू जिवंत आहेस; माझा जीव केव्हाच गेला.’ एकवचन, एकवचन. आणि लगेच क्रेऑन मधे तोंड घालतो, ‘या दोघी पोरी!’ एक आत्ताच खुळावली, दुसरी जन्मापासून खुळी. तो ते द्विवचनात म्हणतो. बहिणींमध्ये मोडलेली जोडी राजाच्या तोंडी, शिवी म्हणून, शाबूत आहे.

पुढे कोरस, म्हणजे थीब्जच्या म्हाताऱ्यांचा घोळका, त्याला विचारतो, दोघींनाही मारणार? तो म्हणतो, जिने हात लावला नाही तिला तरी नाही. एवढ्या एका वाक्यावर इस्मेनी सुटते. ती नाटकात परत येत नाही, तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही. आणि थडग्याकडे नेताना अँटिगनी थीब्जच्या म्हाताऱ्यांना म्हणते, ‘बघा, राजघराण्यातली उरलेली मी एकटी.’ बहीण आत वाड्यात जिवंत आहे. इंग्रजीत हे नाटक मी कॉलेजात असताना वाचलं होतं. त्यात दोन बहिणींचं भांडण होतं, एवढंच आठवतं.

अँटिगनी पकडली गेल्यानंतरच्या त्या प्रवेशातच ५७२ वी ओळ येते. माझ्यासारख्या बाईला तिने रात्र रात्र जागवलं आहे. रंगमंचावर क्रेऑन, अँटिगनी आणि इस्मेनी. सोफोक्लीसच्या काळी बोलणारे नट तीनच असत, तिघेही पुरुष, तिघेही मुखवट्यात; म्हणजे या क्षणी सगळे नट समोर आहेत. अँटिगनीचं लग्न क्रेऑनच्या मुलाशी, हायमॉनशी, ठरलेलं आहे. एकेका ओळीची खडाजंगी चालू आहे. इस्मेनी विचारते, स्वतःच्या मुलाच्या वाग्दत्त वधूला मारणार? क्रेऑन म्हणतो, नांगरायला दुसरी शेतं आहेत. (हो, असंच म्हणतो. सभ्य भाषांतरात हे वाक्य मऊ केलेलं असतं.) इस्मेनी म्हणते, त्या दोघांचं जसं जुळलंय तसं दुसरीकडे जुळणार नाही. क्रेऑन म्हणतो, वाईट बायका मुलांच्या गळ्यात बांधणं मला आवडत नाही. आणि मग कोणीतरी म्हणतं:

‘लाडक्या हायमॉन, तुझा बाप तुझा केवढा अपमान करतो आहे!’

कोण? हस्तलिखितांत हे वाक्य इस्मेनीच्या नावावर आहे. १५०२ मध्ये व्हेनिसला अल्डस या मुद्रकाच्या छापखान्यातून सोफोक्लीस पहिल्यांदा छापून निघाला, त्यात ते अँटिगनीला दिलं. तेव्हापासून संपादकांचे दोन तट. सोफोक्लीसवर एकोणिसाव्या शतकातली सगळ्यांत नावाजलेली टीका लिहिणारा जेब अँटिगनीच्या बाजूचा. कारण उघड आहे. हे वाक्य तिचं असेल तर सबंध नाटकात तिने आपल्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव घेतलेलं एवढंच ठिकाण. नसेल, तर ती त्याचं नाव कधीच घेत नाही. एका नावाच्या शिक्क्यावर अख्खी नायिका फिरते. बरं, पुढच्या ओळीत क्रेऑन ‘तू आणि तुझं ते लग्न, डोकं उठवलंत’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. ‘तुझं’ म्हणजे तुझं स्वतःचं, की तू सारखं काढते आहेस ते? व्याकरणात दोन्ही बसतं.

मी हे आमच्या नाटकातल्या ज्येष्ठ नटांपुढे मांडलं. गडकरी रंगायतनला प्रयोग होता, मेकअपला वेळ होता, चहा आला होता. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी सोफोक्लीस वाचलेला नाही आणि वाचण्याचा त्यांचा इरादाही नाही. सगळा प्रवेश मी मराठीत सांगितला.

‘‘काका, तुम्ही कोणाला द्याल?’’

‘‘आधी मला सांग, त्याच्या आधीची वाक्यं कोण बोलतंय?’’

‘‘इस्मेनी. एक तिचं, एक राजाचं.’’

‘‘नंतरचं?’’

‘‘नंतरचंही बहुतेक तिचंच.’’

‘‘मग मधे मोठीने तोंड घातलं तर राजाला तिच्याकडे वळायला लागणार, आणि पुढच्या वाक्याला परत धाकटीकडे. एकेका ओळीत? त्यात मुखवटा म्हणतेस तू. ओठ दिसत नाहीत. मागच्या माणसाला कळणार कसं, कोण बोललं ते?’’ त्यांनी चहा संपवला. ‘‘धाकटीचंच आहे ते. पण टाळीचं वाक्य आहे ना, कुठल्यातरी मोठ्या बाईने मागून घेतलं असणार. आमच्या वेळी हे सर्रास चालायचं.’’

मला निबंधात हे असंच्या असं लिहिता आलं असतं तर! शेवटी मी रीतसर लिहिलं. हस्तलिखितांचा एकमुखी पुरावा, एकेका ओळीच्या संवादाचा ठोका न मोडणं, अँटिगनी ५६० व्या ओळीनंतर गप्प झालेली असणं. त्या गप्प राहण्याबद्दल मला एक जास्तीची गोष्ट म्हणायची होती. धाकटी तिच्या लग्नासाठी भांडते आहे, राजा शेतांच्या गोष्टी करतो आहे, आणि जिचं लग्न ती बाजूला उभी आहे, काही बोलत नाही. रंगमंचावर न बोलणाऱ्या माणसाकडेच प्रेक्षक बघतात, हे विंगेतून मी रोज बघते. तिला ते वाक्य देऊन संपादकांनी तिचा पॉज खाल्ला. शिक्षिकांना हे पटलं नाही. ‘तुमच्याकडे वाक्यापेक्षा पॉजला जास्त किंमत दिसते’ असा शेरा त्यांनी मारला. असेलही.

अव्ययांबद्दल थोडं लिहायलाच हवं. ग्रीकमध्ये गे, दे, तोइ, आरा अशी चिमुकली अव्ययं वाक्यावाक्यात पेरलेली असतात. इंग्रजीत ती चक्क वगळतात किंवा ‘खरोखर’ वगैरे लिहून मोकळे होतात. मराठीत च, तरी, की, ना, बरं का, म्हणजे होय, असा सगळा साठा आहे, आणि नट संहितेतलं मोठं वाक्य गाळत नाही, हेच गाळतो. ‘मी जाणारच’ आणि ‘मी जाणार की’ यात माणसाचा स्वभाव बदलतो. वर क्रेऑनने इस्मेनीला सोडलं त्या वाक्यात ‘गे’ आहे, म्हणून मी ‘तरी’ लिहिलं. एका ‘तरी’वर एक मुलगी वाचते. ही अव्ययं शोधायला मी लिडेल आणि स्कॉटचा शब्दकोश वापरते, त्याची पहिली आवृत्ती १८४३ ची. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं तेच साल. संबंध काही नाही, पण मला तारीख लक्षात ठेवायला बरी पडली. प्रवासात अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचं ‘पर्सियस’ हे संकेतस्थळ बघते. शब्दावर बोट टेकवलं की त्याचं मूळ रूप, विभक्ती, वचन सगळं दाखवतं. परीक्षेच्या दृष्टीने ही वाईट सवय आहे.

प्रॉम्प्टरांच्या संतमालिकेत एक नाव मला घालायचं आहे, ते हेगेलोखॉस या नटाचं. इ.स.पू. ४०८. अथेन्सचाच दुसरा शोकांतिकाकार युरिपिडीस, त्याचं ‘ओरेस्तीस’ चालू आहे. वेडाच्या झटक्यातून शुद्धीवर येणारा ओरेस्तीस म्हणतो, ‘लाटांमधून निघून मला पुन्हा शांत समुद्र दिसतो आहे.’ ग्रीकमध्ये स्वराघात म्हणजे आवाजाची चढउतार, वेदपठणात उदात्त-स्वरित असतात तशी. तिथे शेवटचा स्वर गाळून आवाज चढता ठेवायचा होता. हेगेलोखॉसचा श्वास कमी पडला म्हणतात. आवाज चढून उतरला, आणि ‘शांत समुद्र’ऐवजी उंदीर मारायला घरात ठेवत तो मुंगसासारखा प्राणी झाला. ‘लाटांमधून निघून मला पुन्हा मुंगूस दिसतं आहे.’ विनोदी नाटककारांनी त्याला वर्षानुवर्षं सोडलं नाही. अरिस्टोफेनीसने तीन वर्षांनी ‘बेडूक’मध्येही हा विनोद वापरला. अशा वेळी प्रॉम्प्टर काही करू शकत नाही. शब्द सांगता येतो, श्वास कुठून आणणार?

(तिकडे स्पर्धाही असायच्या, बरं का. वसंतात डायोनिसस देवाचा उत्सव, तीन शोकांतिकाकार, परीक्षक, नंबर. इ.स.पू. ४३१ मध्ये युरिपिडीसची ‘मीडिया’ ज्या संचात होती तो तिसरा आला. तिघांत तिसरा. राज्य नाट्य स्पर्धेत ज्यांचे नंबर हुकले त्यांनी हे मनाशी ठेवायला हरकत नाही.)

वर्गात सगळ्यांत मोठं भांडण झालं ते ९०४ व्या ओळीपासून पुढच्या भागावर. थडग्यात जाण्याआधी अँटिगनी म्हणते, हे मी नवऱ्यासाठी केलं नसतं, मुलासाठीही नाही. नवरा मेला असता तर दुसरा मिळाला असता, मूल गेलं असतं तर दुसरं झालं असतं. आईबाप दोघेही वारले, आता भाऊ कुठून येणार? जर्मन कवी गटेला हा उतारा इतका खटकला होता की एखाद्या विद्वानाने तो प्रक्षिप्त ठरवावा अशी इच्छा त्याने बोलून दाखवली. पण अॅरिस्टॉटलने यातल्या ओळी उद्धृत केल्या आहेत, म्हणजे निदान त्याच्या काळी त्या नाटकात होत्याच. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसमध्येही अशीच गोष्ट आहे: इराणचा दारियस राजा इंटाफर्नीस या सरदाराच्या बायकोला म्हणतो, कैदेतल्या तुझ्या माणसांपैकी एकाला सोडतो, ती भावाला मागते, कारण हेच देते.

माझ्या वर्गमित्रांना हे सगळं विचित्र, हिशेबी, जरा लाजिरवाणं वाटत होतं. एका तत्त्वासाठी मरणारी मुलगी असा हिशेब कसा करेल? मी म्हटलं, आमच्याकडे रामही करतो. युद्धात लक्ष्मण पडल्यावर तो म्हणतो, ‘देशे देशे कलत्राणि देशे देशे च बान्धवाः। तं तु देशं न पश्यामि यत्र भ्राता सहोदरः॥’ बायका देशोदेशी मिळतात, सोयरे मिळतात, पण पाठचा भाऊ मिळेल असा देश मला दिसत नाही. ज्या सीतेसाठी युद्ध चाललंय तिच्याबद्दल हे! आणि उच्छंग जातक या बौद्ध कथेत राजा एका बाईला नवरा, मुलगा, भाऊ यांतला एक निवडायला सांगतो, तिथेही ती भाऊच मागते, कारण तेच. मी एवढं सांगितल्यावर वर्गात चर्चा ‘ही लोककथा कुठून कुठे गेली’ या दिशेने निघून गेली. मला ते नको होतं.

मला म्हणायचं होतं ते परत व्याकरणाचंच. नवऱ्या-मुलाचा हा सगळा भाग संकेतार्थात आहे. ग्रीकमध्ये त्यासाठी ‘आन’ असं अव्यय आणि भूतकाळाचं रूप वापरतात. मराठीत ‘असता तर… असता’. नवरा मेला असता तर. मूल गेलं असतं तर. ही मुलगी अविवाहित आहे, नवरा नाही, मूल नाही, थोड्या वेळाने कधीच होणार नाही. जे लग्न आणि जे मूल तिला मिळणार नाही त्यांना ती या ओळींत आधी मिळवते आणि लगेच मारून टाकते. हिशेब आहे खरा, पण कुठल्या रकमांचा ते बघा. तालमीत हा उतारा थंड, मुद्देसूद बोलायला लावावा आणि ‘असता’वर कुठेही जोर देऊ नये, असं मला वाटतं. गटेला खटकलेली थंडी तशीच ठेवावी.

कोरसची गाणी मला अजून जड जातात. त्यांची भाषाही थोडी निराळी, डोरिक या ग्रीक बोलीच्या वळणाची. संवादांत जिथे ए येतो तिथे गाण्यात पुष्कळदा आ. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिकमध्ये जाताना समोर येतात ते खांबही डोरिकच, फक्त ते १८३३ साली मुंबईत उभे राहिलेले. गाण्यांत कडव्याचं वृत्त प्रतिकडव्यात अक्षराला अक्षर तंतोतंत परत येतं, त्यामुळे लेखनिकाची चूक कुठे झाली तेही त्यावरून पकडता येतं. पाठभेद धुंडाळणाऱ्यांना हे प्रिय. मी सध्या अर्थ लावण्यातच दमते.

पुढच्या सत्रात ‘बेडूक’ आहे. विनोदी नाटकाचा कोरस चोवीस जणांचा, बेडकांचं ‘ब्रेकेकेकेक्स कोआक्स कोआक्स’ वेगळं पाठ करायचंय, आणि दौऱ्याच्या तारखा त्याच आठवड्यात आल्या आहेत. बसमध्ये मागच्या सीटवरून डराव डराव ऐकू आलं तर काकांनी माझं नाव सांगावं, एवढं त्यांच्याशी बोलून ठेवलंय.